न जाण्याचे दहा काटे

एका जंगलात भालेराव नावाचा साळिंदर राहत होता. ते जंगल नेमकं कुठे, हे विचारायचं नाही, बाळांनो. सांगितलं की तुम्ही सुट्टीत तिथेच जायचा हट्ट धराल आणि तुमच्या बाबांची पाठ मोकळी होईल. म्हणजे काय, ते पुढे कळेलच.

भालेरावच्या पाठीवर मोठे काटे पंचवीस होते. बारीकसारीक पुष्कळ, पण मोजण्यासारखे पंचवीस. त्याच्या बायकोचं नाव मृदुला. नाव आईबाप ठेवतात, त्याला कुणाचा इलाज नसतो.

फार पूर्वी त्या जंगलात सुट्टी नावाची भानगडच नव्हती. पाणी आटलं की प्राणी दुसरीकडे जायचे, पाणी आलं की परत यायचे. त्याला कुणी सहल म्हणत नसे. मग एका वर्षी एक सांबराचं कुटुंब दवकड्याच्या गुहेत चार दिवस राहून आलं. राहिलं चार दिवस आणि सांगत बसलं चार महिने. "काय ती हवा! काय ते दव! पायाला कसं गार गार लागतं!" हे ऐकून जंगलातल्या प्रत्येक बायकोने आपल्या नवऱ्याकडे एकदा बघितलं. एकदाच बघितलं, पण तेवढं पुरलं.

गरज निर्माण झाली की ती भागवणारा हजर होतोच. इथे पंचम नावाचा कोकीळ हजर झाला. कोकिळाला स्वतःचं घर नसतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे. अंडी कावळिणीच्या घरट्यात आणि स्वतः आंब्यावर गात बसलेला. पण म्हणूनच दुसऱ्यांची घरं त्याला फार चांगली ठाऊक होती. त्याने आंब्याला पाटी टांगली: 'माहेर सहली. जाल तिथे माहेर.' त्याखाली आणखी एक ओळ होती: 'पाहुणे कधीही पोचोत, त्यांची जागा राखलेली असेल. दुसऱ्याला दिल्यास दुप्पट भरपाई.' ही ओळ वाचून गिऱ्हाइकांचा जीव भांड्यात पडत असे.

पैशाच्या जागी ज्याच्याकडे जे असेल ते चालायचं. मोराने पिसं द्यायची, सांबराने शिंगं. साळिंदराच्या काट्याला तर फार मागणी होती, कारण वाघाच्या दरबारात कारकुनांना लेखण्या लागत. दरबार म्हटला की लिहायला तोटा नाही.

भालेराव एका सकाळी पंचमकडे गेला.

"चार दिवसांचे वीस काटे," पंचम म्हणाला. "त्यातला इसार दहा. आत्ताच."

भालेराव मनातल्या मनात खूश झाला. घासाघीस हा त्याचा आवडता खेळ होता. झाडाखाली पडलेली फुकटची जांभळं उचलतानासुद्धा तो झाडाकडे वर दोन जास्तीची मागत असे.

"दहा? अहो पंचमराव, दहा काट्यांत मी आख्खं वारूळ विकत घेईन."

"जरूर घ्या. वारुळात दव पडत नाही, एवढंच."

"एक देतो."

"आठ."

"भवानीच्या वेळी आठ म्हणता? दिवसभर दुसरं गिऱ्हाईक फिरकणार नाही तुमच्याकडे."

"बरं, पाच."

भालेराव उठला आणि चालू लागला. अशा वेळी चार पावलं जायचं असतं, पाचव्या पावलाला मागून हाक येते. हाक आली.

"या हो या! तुमच्यापुढे कुणाचं काही चालत नाही," पंचम अगदी गोड गळ्याने म्हणाला. "आत्ता दोन द्या. बाकीचे आठ राहू द्या तुमच्याकडेच."

भालेरावने दोन काटे उपटून दिले. मग पंचमने पळसाचं एक पान पुढे केलं आणि भालेरावने त्यावर पंजाचा ठसा उठवला. पानाच्या मागच्या बाजूलाही बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. पण घासाघिशीत जिंकलेला कधी पान उलटून बघत नाही, मग तो साळिंदर असो नाहीतर तुमचे काका.

घरी येईपर्यंत त्याने ही गोष्ट सात जणांना सांगितली. आठवी मृदुला.

"दहाचे दोनावर आणले!"

"आणि बाकीचे आठ?" मृदुलाने विचारलं.

"सोडले त्याने."

"कोकिळाने सोडले? अहो, त्याने स्वतःची अंडी सोडून आजवर कधी काही सोडलंय का?"

"तुला ना, कौतुक म्हणून करता येत नाही," भालेराव म्हणाला आणि फुरंगटून बसला.

मृदुलाने वाद घातला नाही. तिला दिवस गेले होते. बाळंतपण सहलीनंतर महिन्याभराने होतं. त्याआधी जरा हवापालट व्हावी, दवात पाय बुडवून बसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पण पिल्लांना कुठे ठाऊक, सहल कधी ठरलीय ते? ती आधीच आली. निघायला सहा दिवस उरलेले असताना आली. दोन पिल्लं, गुळगुळीत आणि ओरडकी. साळिंदराच्या पिल्लांचे काटे सुरुवातीला केसांसारखे मऊ असतात, बाळांनो. ते टोकदार व्हायला वेळ लागतो. आणि त्याच आठवड्यात ओढ्याच्या पलीकडे बिबट्याच्या पंजांचे ठसे उमटले.

साळिंदरांत एक रीत आहे. घरात पिल्लं असली आणि बाहेर धोका असला, की बापाने बिळाच्या तोंडात पाठ बाहेर करून बसायचं. काटे फुलवायचे आणि तोंड बंद करून टाकायचं. भालेराव तसा बसला. तेवीस काटे फुलवल्यावर बिळाचं तोंड अगदी नेमकं झाकलं गेलं. एक बोट आत जाईल एवढीसुद्धा फट राहिली नाही. मृदुलाने आतून सगळीकडून बघून घेतलं आणि मगच ती झोपली.

आता सहल कसली? दुसऱ्या दिवशी भालेराव पंचमकडे गेला.

"पंचमराव, पिल्लं झाली. दोन!"

पंचमला फार आनंद झाला. त्याने जागच्या जागी एक पाळणा म्हटला. इतका सुरेख म्हटला की भालेरावच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तर मग सहल रद्द," भालेराव डोळे पुसत म्हणाला. "ते दोन काटे गेले, समजा. राहू द्या तुम्हालाच."

"वा, मनाने मोठे आहात," पंचम म्हणाला. "आणि उरलेले आठ आज देताय की उद्या?"

"कसले आठ?"

पंचमने पळसाचं पान काढलं आणि उलटं करून त्याच्यापुढे धरलं. मागे लिहिलं होतं: 'इसार दहा. पैकी दोन पोचले. बेत रद्द केल्यास राहिलेले आठ तत्काळ द्यावेत.'

"पण मी जाणार नाहीये!"

"हे न जाण्याचेच आहेत, भालेराव. जाण्याचे वीस, न जाण्याचे दहा. निम्म्या भावात पडतंय तुम्हाला."

"अहो, पण तुम्ही आठ सोडले होते ना!"

"सोडले नव्हते. तुमच्याकडे ठेवले होते. तुमच्या पाठीवर इतके दिवस माझे आठ काटे आहेत. मी त्यांचं भाडंसुद्धा मागितलेलं नाही."

भालेरावने मान वळवून पाठीकडे बघितलं. आपल्याच पाठीवर दुसऱ्याचे काटे, हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं.

"पिल्लं झाली तर काही सूट?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"नियमात पिल्लं नाहीत," पंचम कनवाळूपणाने म्हणाला. "मी शोधली. पूर आहे, वणवा आहे, हत्तींनी तुडवलेली वाट आहे. त्यांतही आठ द्यावेच लागतात. पण निदान त्यांची नावं तरी आहेत."

भालेराव घरी आला. आता मात्र वाटेत त्याने कुणालाही काही सांगितलं नाही.

तेविसातून आठ गेले की पंधरा. पंधरा काटे फुलवून तो बिळाच्या तोंडात बसला तर डाव्या बाजूला फट राहत होती. आख्खा पंजा आत जाईल एवढी. त्याने उजवीकडे सरकून बघितलं, मग फट उजव्या बाजूला आली. मृदुला आतून बघत होती. ती भ्याली होती आणि तिला नवऱ्याचा रागही आला होता. पण राग काढायला सवड नव्हती.

"मी म्हणतो, जाऊनच येऊ या," भालेराव म्हणाला. "आठ देऊन घरी बसायचं, म्हणजे आठ फुकट गेले. वीस देऊन गेलो तर निदान दव तरी बघू."

तुम्ही हसताय, बाळांनो. पण आठ फुकट जाऊ नयेत म्हणून आणखी दहा घालवणं हे फार जुनं शहाणपण आहे. मोठे झालात की तुम्हालाही येईल.

"चार दिवसांची पिल्लं घेऊन? ओढ्यावर बिबट्या असताना?" मृदुला म्हणाली. "ते पान द्या इकडे."

तिने पान घेतलं आणि पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडाला धरून वाचलं. बाळंतिणीला दुसरं काम नसतं असं म्हणणाऱ्यांनी दोन पिल्लं सांभाळून बघावीत. पण तिने वाचलं खरं.

"अहो," ती म्हणाली, "गेलो तर काय, ते यात लिहिलंय. रद्द केलं तर काय, तेही लिहिलंय. जायला निघालो आणि अजून पोचलो नाही, तर काय?"

"तर काय?"

"ते कुठेच लिहिलेलं नाही. आणि त्याच्या पाटीवर आहे की पाहुणे कधीही पोचोत, जागा राखलेली असेल."

"पण मी तर रद्द म्हणून आलो ना?"

"आठ दिलेत का? नाही. मग रद्द कुठे झालं? जा, आणि निरोप पाठवा की निघालोच."

भालेरावचा चेहरा उजळला. कारण हे काम त्याला जन्मापासून येत होतं. कुणाच्या लग्नाला असो की बारशाला, अंगावर माती चोळत बसलेलं असताना 'निघालोच' म्हणायची त्यांच्या घराण्यात चार पिढ्यांची परंपरा होती.

निरोप न्यायला टिटवी होती. तिच्यासारखा निरोप्या नाही, कारण एकाला सांगायचा निरोप ती दहा जणांना ऐकू जाईल असा सांगते.

"पंचमराव, साळिंदर निघालेच!" टिटवी ओरडत गेली.

पंचमने खांदे उडवले. निघाले तर निघाले, आठाऐवजी अठरा मिळतील. त्याने दवकड्याची गुहा झाडून घेतली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: शिदोरी बांधणं चाललंय, निघालोच. तिसऱ्या दिवशी: पिल्लांना टोपडी घालतोय, निघालोच. चौथ्या दिवशी: उंबऱ्यात उभे आहोत, मृदुलावहिनी कडी लागलीय का ते बघतायत, निघालोच. बिळाला कडी कुठली, हे पंचमच्या लक्षात यायला अर्धा दिवस गेला.

आणि नेमकं त्याच दिवशी दरबारातून सांगावा आला. वाघमहाराजांच्या मेहुण्यांना थोडा शीण आला आहे. काम काहीच नसल्यामुळे त्यांना वरचेवर शीण येतो. त्यांना दवकड्याची गुहा हवी, आणि ती आत्ताच हवी.

पंचमला घाम फुटला. मेहुण्यांना नाही म्हणावं तर पिसं जागेवर राहणार नाहीत. गुहा देऊन टाकावी आणि साळिंदर खरंच पोचले, तर दुप्पट म्हणजे चाळीस काटे भरा. पाटी सगळ्या जंगलाने वाचलेली होती. त्याने स्वतःच ती मोठ्या अक्षरात लिहवून घेतली होती.

पण टिटवीचा आवाज फक्त पंचमच ऐकत नव्हता. ओढ्यापलीकडे बिबट्याही ऐकत होता. साळिंदर कुटुंब निघालंय, उंबऱ्यात आहे. म्हणजे बाप शिदोरी उचलून पुढे असणार, पिल्लं मागे रेंगाळत असणार आणि बिळाचं तोंड उघडं असणार. बिबट्याने हिशेब केला आणि भर दुपारी तो ओढा ओलांडून आला.

भालेराव त्या वेळी बिळाच्या तोंडात पाठ करून बसला होता आणि पाचव्या दिवसाचा निरोप काय द्यावा याचा विचार करत होता. पाठीमागे पाचोळा वाजला. मृदुलाने पिल्लांना पोटाखाली ओढलं.

"हलू नका," ती एवढंच म्हणाली.

भालेराव हलला नाही. त्याला खूप पळावंसं वाटत होतं, हे मी लपवत नाही. पण त्याने डोळे मिटले आणि असतील नसतील ते सगळे काटे फुलवले. बिबट्याने डावीकडे हुंगलं. फट नव्हती. उजवीकडे हुंगलं. तिकडेही नव्हती. मग तो चिडला आणि त्याने मधोमध नाक खुपसलं.

पुढचा आवाज तीन टेकड्यांपलीकडे ऐकू गेला. बिबट्या नाकात दोन काटे घेऊन ओढा ओलांडून गेला, आणि त्या बाजूला पुन्हा कधी दिसला नाही.

भालेराव कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मग तो म्हणाला, "मृदुला, आठ दिले असते तर..."

"नका बोलू," मृदुला म्हणाली. ती रडत होती. पिल्लं दूध पीत होती, त्यांना काही पत्ता नव्हता.

थोड्या वेळाने बिळाबाहेरच्या करवंदीच्या जाळीवर पंचम येऊन बसला. पिसं विस्कटलेली, गळा बसलेला.

"भालेराव, तुम्ही अजून इथेच?"

"छे छे! निघालोच होतो. तेवढ्यात एक पाहुणा आला, नाकात काटे घालून गेला. आता निघतोच."

"नका निघू! सहल रद्द करा."

"रद्द कशी करू? आठ काटे पडतात."

"नका देऊ आठ."

"असं कसं? ते तुमचेच आहेत. माझ्या पाठीवर ठेवलेत नुसते."

"सोडले! आठही सोडले!" पंचम म्हणाला. त्याच्या घराण्यात हा शब्द प्रथमच उच्चारला जात होता.

आता भालेरावच्या अंगात जुना खेळ संचारला. "आणि ते दोन?"

"परत देतो. हे घ्या."

"दोनच? भवानीच्या वेळी?" असं म्हणून तो सवयीने उठला आणि चार पावलं जाणार होता. पण बिळाचं तोंड सोडायचं नाही हे आठवून पुन्हा बसला.

तेवढ्यात आतून मृदुलाचा आवाज आला. "पंचमभाऊजी, बाळंतिणीच्या दारात आलात आणि रिकाम्या हाताने?"

पंचमने आजवर स्वतःचं एकही पिल्लू वाढवलेलं नव्हतं. बाळंतविडा न्यायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण मेहुणे ताटकळत असतील या धास्तीने तो उडाला आणि तासाभरात डिंकाचे सोळा लाडू, दोन टोपडी आणि कुंची घेऊन आला. मृदुलाने लाडू मोजून घेतले. एक फोडून त्यात डिंक पुरेसा आहे की नाही, तेही बघितलं.

मग भालेरावने पळसाच्या पानावर 'रद्द' असं लिहून खाली पंजा उठवला. उठवण्याआधी पान उलटून बघितलं.

पंचम धापा टाकत दवकड्यावर गेला. त्याने गुहा पुन्हा झाडली, दव सांडू नये म्हणून गवताला धक्का लागू दिला नाही, आणि दरबारात निरोप पाठवला: गुहा मोकळी आहे, मेहुण्यांनी यावं.

संध्याकाळी दरबारातून उलट निरोप आला. तो टिटवीच घेऊन आली होती.

"मेहुणे निघालेच!"

तिसऱ्या दिवशीही ते निघालेच होते. आठव्या दिवशी ते पायात जोडे घालत होते. महिना उलटला, सुट्टीचे दिवस संपले, दवकड्यावरचं दव आटलं. पंचम मात्र रिकाम्या गुहेच्या दारात स्वागताला उभाच होता. राजाच्या मेहुण्याकडे इसार कोण मागणार?

तात्पर्य: दिलेला शब्द पाळायला खर्च येतो आणि मोडायला दंड पडतो. म्हणून बाळांनो, शहाण्याने जन्मभर निघालेलंच असावं.